चुन्याचा बाण

आमच्या घरात सकाळचा पहिला आवाज पंपाचा. कोंबडा त्यानंतर आरवायचा. बाबा म्हणायचे, कोंबडो आळशी, पंप ऐकून जागो होता. बाबांचं सायकलचं दुकान म्हणजे आमची पडवीच होती. एका बाजूला भाड्याच्या सहा सायकली भिंतीला टेकलेल्या, दुसऱ्या बाजूला पंक्चर बघायचं पाण्याचं घमेलं, कानस, पान्हे, छर्‍यांची डबी आणि मधून घरात जायची जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. उजाडलं की बाबा साही सायकलींच्या बाराही चाकांत हवा भरत. आई चुलीवर पेजेचं मडकं ठेवून आतून ओरडायची, "ह्या घरात माणसांच्या आधी सायकलींका न्ह्यारी." मग उकड्या तांदळाची पेज, चुलीत भाजलेला सुका बांगडा आणि खारातली मिरची. बाबांच्या बोटांना ग्रीसचा वास यायचा आणि त्यांनी हातात दिलेल्या बांगड्यालाही यायचा. तो वास मला अजून आवडतो, हे सांगायची आता लाज वाटायला नको.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथली माणसं अजून तिथंच राहतात आणि त्यातल्या काहींनी माझ्यासाठी खोटं सांगितलेलं आहे. कणकवलीहून मालवणकडे जाताना डोंगरांच्या कुशीत आमची वाडी येते, एवढं पुरे. वाडीच्या आसपास तीन तळी. थोरलं तळं देवळापाशी, धाकटं खाली शेतांच्या तोंडाला, आणि दोघांच्या मधे, काजूच्या उताराखाली, मधलं तळं. तिन्ही तळी जुन्या बांधांनी अडवलेली, आणि बांधावरून बैलगाडी जाईल एवढी वाट. पाऊस संपला की पाण्यावर कमळाची पानं पसरायची, पाणकोंबड्या त्यांच्यावरून चालायच्या, आणि आम्हाला त्यात बघण्यासारखं काही आहे असं कधी वाटलं नव्हतं. ते आम्हाला मोहिते सरांनी सांगितलं.

मोहिते सर घाटावरच्या एका कॉलेजात खेळ शिकवायचे. दर वर्षी मार्गशीर्षात ते दहा-बारा मुलामुलींना सायकलवर घेऊन घाट उतरायचे आणि मालवणच्या समुद्रापर्यंत जायचे. पहिल्या वर्षी आमच्या दारात त्यांची चेन तुटली. बाबांनी ती जोडली, आईनं सगळ्यांना जेवायला वाढलं, आणि तेव्हापासून त्यांचा दोन दिवसांचा मुक्काम आमच्या घरापुढच्या खळ्यात ठरलेला. सर कमी बोलायचे. वहीत निळ्या शाईनं वाटा काढायचे, उतार कुठं, चढ कुठं, पाणी कुठं, सावली कुठं. तीन तळ्यांच्या वाटेला त्यांनी 'तळ्यांची फेरी' असं नाव दिलं होतं. सकाळी निघायचं, थोरल्या तळ्यावरून काजूच्या चढाला लागायचं, मधल्या बांधावरून पलीकडे जायचं आणि धाकट्या तळ्याच्या काठी न्याहारी करायची. बाबांनी आयुष्यभर सायकली दुरुस्त केल्या, पण सायकल नुसती फिरण्यासाठी चालवायची असते हे त्यांना पटायला तीन वर्षं लागली.

वाट दाखवायचं काम माझं. मी तेव्हा अकरावीत होते आणि बाबांनी जुन्या भागांतून जोडलेली एक सायकल माझी होती. फेरीच्या आदल्या दिवशी मी एकटी सगळी वाट फिरून यायची. हँडलला चुन्याचा डबा अडकवलेला, त्यात काथ्याचा कुंचला. जिथं वाट फुटते तिथं जांभ्याच्या धोंड्यावर नाहीतर झाडाच्या बुंध्यावर पांढरा बाण. सर मुलांना एवढंच सांगायचे, "बाण दिसेल तिकडं वळायचं. बाण नाही तर सरळ." ते स्वतः सगळ्यांच्या मागं असायचे, दमलेल्यांना घेऊन. गावातल्या बायका मला चिडवायच्या, "शाले, घाटावरची पोरां तुझ्या बोटार नाचतत." मला ते ऐकून छाती फुगवावीशी वाटे. सतराव्या वर्षी कोणीतरी आपल्या खुणेवर चालतंय, ही केवढी मोठी गोष्ट होती, ते मला आज नीट आठवतं, आणि आठवू नये असंही वाटतं.

वासंती त्या मुलांपैकी. माझ्याहून वर्षानं मोठी, दोन वेण्या, उन्हानं रापलेलं नाक, आणि सतत पुढं. पहिल्या वर्षी आली तेव्हा पेजेकडं बघून म्हणाली, "अगं, हे तर नुसतं पाणीच की." दुसऱ्या वाटीला गप्प बसली, तिसरी मागून घेतली. रात्री ती माझ्याच चटईवर झोपायची आणि आपल्या आईच्या गोष्टी सांगायची. आई फार कडक, म्हणायची, सहलीला सोडत नव्हती, मी दोन दिवस जेवले नाही तेव्हा सोडलं. वर्षभर आमची पत्रं चालली. तिच्या पत्रात ती मला 'बाणवाली' म्हणायची. तिच्या सायकलला निळा रंग होता आणि मागच्या चाकाच्या आऱ्यांत तिनं लाल लोकरीचे गोंडे बांधले होते. बाबांना ते गोंडे बघून इतकं हसू आलं की त्यांनी तिच्या ब्रेकची रबरं न सांगताच नवी घातली.

आता टहाळ्याची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिथं येऊन थांबतं. आमच्याकडं वाट बंद असली की तिच्या तोंडाशी हिरव्या पानांचा टहाळा आडवा घालतात. टाळो घातलो म्हणतात. रस्त्याखालची मोरी खचलेली असो, विहिरीचं काम चाललेलं असो, झाड पाडायचं असो, एक टहाळा टाकला की काम झालं. तो धोक्याच्या जागी नाही घालायचा, जिथून माणसाला दुसरीकडं वळता येईल अशा फाट्यावर घालायचा. हिरवा असेल तर बंदी आजची, सुकला असेल तर बंदी संपली. हे आम्हाला कोणी शिकवलेलं नाही. दोन वर्षांचं पोरही टहाळा ओलांडत नाही, गुरंसुद्धा थबकतात. त्यामुळं टहाळा घातलाय हे कोणी कोणाला तोंडानं सांगत नाही. सांगितलं तर समोरचा म्हणेल, माका डोळे नाय काय?

त्या वर्षी पावसानं मधल्या बांधाच्या मोरीचं तोंड कातरलं होतं. भात घरात आल्यावर गावकऱ्यांनी देवळात गाऱ्हाणं घातलं. येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाला सांभाळ असं मानकरी म्हणाले, सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून बांध मधोमध फोडायला सुरुवात झाली. दोन पुरुष खोल खड्डा, तळाशी उतरवलेले जांभ्याचे चिरे, त्यांच्यामधून वाहणारं पाणी. फेरीच्या आदल्या दिवशी दुपारी मी काजूच्या चढावर पोचले तेव्हा खालून कुदळींचे आवाज येत होते. फाट्यावर टहाळा नव्हता. गडी जेवायला गेले होते तेवढ्यात, तिथं थबकलेल्या कोणाच्यातरी गुरांनी कालचा टहाळा खाल्ला असावा. मी कोयती काढली, काजूची चांगली भरदार फांदी तोडली आणि बांधाकडं उतरणाऱ्या वाटेवर आडवी टाकली. डावीकडून डोंगराच्या कडेनं एक लांबची पायवाट धाकट्या तळ्याला जाते. तिच्या तोंडाशी काजूच्या बुंध्यावर मी नवा बाण काढला. मग माझं लक्ष धोंड्याकडं गेलं.

धोंड्यावर गेल्या वर्षीचा बाण होता. पावसानं पुसट झालेला, पण होता, आणि तो सरळ बांधाकडं बघत होता. माझ्या मनात आलं, हा पुसायला हवा. हे मी आता रचून सांगत नाही, तेव्हा खरंच आलं होतं. पुसायला पाणी हवं, पाणी खाली तळ्यात, शंभरेक पावलं उतरायचं आणि तेवढीच चढायची, आणि मला घरी जाऊन केस धुवायचे होते कारण वासंती येणार होती. मी फांदी थोडी ओढून तिची पानं धोंड्यावर येतील अशी केली. टहाळा घातल्यावर बाणाला कोण विचारतं, असं स्वतःला सांगितलं आणि सायकलवर बसले.

संध्याकाळी ती सगळी आली. खळ्यात गलका, आईनं केलेली कुळथाची पिठी, भात, नारळाच्या रसातलं सांदण. जेवताना सरांनी विचारलं, "शालू, बाण झाले सगळे?" मी म्हटलं, "झाले सर." बाबांनी माझ्याकडं बघून हळूच विचारलं, "मधल्या बांधार टाळो आसा मगे?" मी म्हटलं, "घातलंय." "मग झाला," बाबा म्हणाले आणि जेवू लागले. सर आमच्या शेजारीच बसले होते. आमचं बोलणं त्यांना ऐकू गेलं असणार, पण टाळो म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हतं, आणि त्यांना माहीत नसेल हे आम्हाला सुचलं नाही. बांध फोडलाय, एवढे दोन शब्द. पंगतीत आम्ही दोघं होतो आणि दोघांपैकी एकानंही ते उच्चारले नाहीत. वासंती माझ्या पानातलं सांदण उचलून खात होती.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी लांबच्या पायवाटेनं धाकट्या तळ्यावर गेले. न्याहारी पोचवायची होती. आईनं केलेले घावणे केळीच्या पानात गुंडाळलेले, आणि गूळ-वेलची घातलेला नारळाचा रस एका कळशीत. काठावर पान अंथरून मी बसले. ऊन चढत गेलं. पाणकोंबड्यांचा आवाज, लांब कुठंतरी गिरणीचा भोंगा. घावण्यांवर माशी बसू नये म्हणून मी पदर हलवत होते, कारण त्या दिवशी मी मुद्दाम आईची साडी नेसले होते. मग बांधाच्या बाजूनं माणसांचा आवाज आला. भांडणाचा वाटला. त्यात एका मुलीचं एकसुरी ओरडणं होतं, तेच तेच. मी घावणे तिथंच टाकून सायकल हाणली.

काय झालं ते मला तिच्या मागच्या मुलीनं सांगितलं, आणि नंतर पोलिसांनाही तिनं तेच सांगितलं. वासंती नेहमीसारखी पुढं होती. फाट्यावर उतरली. म्हणाली, कुणीतरी वाटेत फांदी तोडून टाकलीय. ती तिनं दोन्ही हातांनी ओढून बाजूला केली. खाली धोंड्यावर काय दिसलं ते मागच्या मुलीला लांबून कळलं नाही, मला कळलं, वासंतीच्या गेल्या वर्षीपासून ओळखीचा बाण. बुंध्यावरचा नवा बाण ती कशाला शोधेल? मागच्यांना हाक मारून म्हणाली, "या गं, वाट मोकळी केलीय," आणि उतारावरून सुटली. उतार संपतो तिथं केवड्याचं बन आहे, तिथं वाट वळते, आणि वळण संपलं की लगेच खड्डा. कामाची माणसं त्या दिवशी अजून आलेली नव्हती. फांदी तिनं स्वतःसाठी नव्हती हटवली, तिला तर बाजूनं जाता आलं असतं. मागून येणाऱ्यांच्या चाकात अडकू नये म्हणून हटवली होती.

मी पोचले तेव्हा तिला वर आणलेलं होतं. कोणीतरी तिच्यावर पंचा घातला होता आणि एक वेणी बाहेर राहिली होती. मी ती आत सारली. वेणी अजून घट्ट होती, सकाळी मीच घातली होती. मोहिते सर चिखलात बसले होते आणि तिच्या सायकलचं मागचं चाक हातानं धरून ठेवलं होतं, ते फिरत नसतानाही. मला रडू आलं नाही. मला धोंडा आठवला. मी उतार चढून वर धावले, आणि तिथं बाबा गुडघ्यांवर बसलेले दिसले. शेजारी पाण्यानं भरलेला डबा. नारळाचं सोडण घेऊन ते धोंडा घासत होते. सायकलचा गंज काढावा तसे, मन लावून. त्यांनी वर बघितलं. मी एवढ्या वर्षांत विसरले नाही असा एकच चेहरा सांगायचा तर तो. "घराक जा," ते म्हणाले. मी हलले नाही. "बाय, तुका सांगतंय. घराक जा. तू हयसर येवक नाय." मी तिथं आलेच नव्हते, असं धरून मी घरी गेले.

हवालदार आले तेव्हा उन्हं कलली होती. आमच्या पडवीत पंचनामा झाला. जी माणसं घटकेपूर्वी "आमी टाळो घातललो, तेका कोण काय करतला" म्हणत होती ती हवालदारांसमोर नीट मराठीत बोलू लागली, "साहेब, फांदी घातलेली होती. वाट बंद असल्याची खूण आहे ती. सगळ्यांना माहीत असतं." खोटं त्यात काही नव्हतं. हवालदारांनी विचारलं, बांधाकडं वाट दाखवणारी दुसरी काही खूण होती काय तिथं? सगळ्यांनी बाबांकडं बघितलं. त्यांच्यातल्या दोघांनी तरी तो बाण वर्षभर जाता-येता पाहिला होता. त्यातला एक म्हणाला, "नव्हती साहेब." हवालदारांनी लिहिलं, मयत हिने मार्ग बंद असल्याची खूण स्वतःच्या हाताने दूर करून हयगयीने सायकल चालवली. हयगयीने हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. दाराआड उभी राहून मी तो ऐकला आणि बाहेर आले नाही.

निघण्यापूर्वी मोहिते सर माझ्याकडं आले. मागच्या दारी मी भांडी घासत होते. ते चुलाण्यापाशी उभे राहिले. "शालू," ते म्हणाले, "मी वर जाऊन बघून आलो. फाट्यावरचा एकच दगड ओला आहे. बाकी सगळे कोरडे." मी घासत राहिले. "त्या दगडावर बाण होता का गं?"

"नव्हता सर."

ते म्हणाले, "बरं," आणि गेले. मला वाटतं त्यांना तेव्हाच सगळं कळलं होतं. त्यांनी मनात आणलं असतं तर हवालदारांना ओला धोंडा दाखवता आला असता. दाखवला नाही. कॉलेजात चौकशी झाली, वाट आधी स्वतः पाहिली नाही हा ठपका त्यांनी मान खाली घालून घेतला, आणि नंतर त्यांनी मुलांना कुठंच नेलं नाही, असं पुष्कळ वर्षांनी मला कळलं. मी त्यांना कधी पत्र लिहिलं नाही. ते गेल्याची बातमीही मला वर्तमानपत्रातल्या बारीक चौकटीत दिसली.

वासंतीचे वडील दुसऱ्या दिवशी आले. उंच, टोपी घातलेले, बोलताना दर वाक्यानंतर थांबणारे. आईनं त्यांच्यापुढं चहा ठेवला. त्यांनी तो घेतला नाही. बाबांना म्हणाले, "पोरगी हट्टी होती. घरीही ऐकायची नाही. फांदी दिसली तर थांबू नये माणसानं?" बाबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मी दारातून त्यांच्याकडं बघत होते आणि मला वाटलं, आता ते सांगणार. त्या क्षणी मला काय हवं होतं ते मी लिहिते, कारण लिहायचं तर सगळं लिहावं. त्यांनी सांगू नये असं मला हवं होतं. बाबा म्हणाले, "टाळो होतो." एवढंच. वडिलांनी मान हलवली. सायकल न्यायला ते तयार नव्हते. "तिच्या आईला दिसली तर ती वेडी होईल. ठेवा तुम्हीच," म्हणाले, आणि कणकवलीच्या गाडीला गेले.

बाबांनी ती सायकल दुरुस्त केली. वाकलेली रिम सरळ केली, आरे बदलले, पुढचा चिमटा ठोकून जागेवर आणला. चिखलानं माखलेले लोकरीचे गोंडे आईनं रिठ्यानं धुतले आणि बाबांनी ते परत बांधले. मग ती पडवीत, घराकडच्या बाजूला, खुंटीला लावली. ती त्यांनी भाड्यानं दिली नाही, मला चालवायला दिली नाही, विकली नाही. रोज सकाळी भाड्याच्या सायकलींना हवा भरून झाली की ते तिच्याही दोन चाकांत हवा भरत, बोटानं दाबून बघत आणि आत येत. सायकलींच्या न्याहारीचा तो विनोद आईनं परत कधी केला नाही. पुढं गावात मोटरसायकली आल्या, भाड्याच्या सायकली एकेक करून भंगारात गेल्या, पडवीत दुकान उरलं नाही, तरी सकाळी दोन चाकांचा पंप वाजायचाच. मी शिकले, शाळेत लागले, लग्न होऊन कणकवलीला आले. माहेरी गेले की मी त्या आवाजानं जागी व्हायची आणि तो संपेपर्यंत पांघरूण तोंडावरून काढायची नाही.

आमच्या घरात तो विषय निघाला तो एकदाच, बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा. मी त्यांना पेज भरवत होते. ते म्हणाले, "धोंड्यारचो बाण मी पुसलंय. ता माझा. तू ता आपल्या डोक्यार घेव नको." मी म्हटलं, "बाबा, काढलो कोणी?" त्यांनी पेजेची वाटी बाजूला सारली. मग म्हणाले, "हवा बघ गो तिची. आज भरूक नाय." मी उठले आणि पडवीत जाऊन हवा भरली. त्यांना आतून आवाज ऐकू जाईल अशी, जरा जोरात. आठवड्यानं ते गेले. सायकल मी कणकवलीला आणली. आता पंप मी मारते.

हे सगळं मी कधी लिहिलं नसतं. पण या थंडीत आमच्या गल्लीतल्या एका घरी सायकलवाल्यांचा कंपू उतरला होता. डोक्यावर शिरस्त्राणं, अंगाला चिकटलेले रंगीत कपडे, हँडलला फोन. हल्ली असे पुष्कळ येतात, आमची तळी आता फोनच्या नकाशात आहेत, आणि मधल्या बांधावरून तर डांबरी रस्ता गेलाय. पाणी मागायला त्यांच्यातली एक मुलगी माझ्याकडं आली. घामेजलेली, हसरी. मी विचारलं, वाट कशी होती? "मस्त होती काकू. फक्त एका ठिकाणी कुणीतरी मोठी फांदी आडवी टाकली होती. आम्ही ओढून बाजूला केली, मागून येणाऱ्यांना नको त्रास." मी तिला जागा विचारली, रिक्षा बोलावली आणि गेले. ओढ्यावरच्या साकवाच्या अलीकडं फांदी कडेला पडली होती. पुढं काही विशेष नव्हतं, ओलं काँक्रीट, त्यावर त्यांच्या चाकांच्या चार-पाच रेघा. मी फांदी परत आडवी घातली. रिक्षावाला म्हणाला, "बाये, त्येंका काय कळतला? बोर्ड लावक होयो." मी रस्त्यावर बसून रडले, चाळीस वर्षांपूर्वी रडायला हवं होतं तशी, आणि तो बिचारा रिक्षा बंद करून शेजारी उभा राहिला.

त्यानंतर आठ दिवसांनी मी घाट चढून वासंतीच्या गावी गेले. पत्ता जुन्या पत्रांवरचा. घर तेच होतं, वर एक मजला चढलेला. वडील केव्हाच गेले होते. आई होत्या, ऐंशीच्या पुढं, सोप्यात बसून सुपात भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. ऐकू नीट येत होतं, नजरही चांगली होती. मी कोण ते सांगितलं. त्यांनी मला बसायला सांगितलं. मी बसले नाही, उभ्यानंच सगळं सांगितलं, बाण, टहाळा, पाणी आणायला न उतरणं, ओला धोंडा, सरांना दिलेलं उत्तर. मधे त्या एकदाही थांबल्या नाहीत. शेंग फुटायची, दाणे सुपात पडायचे, टरफल बाजूला.

माझं झालं तेव्हा त्यांनी विचारलं, "म्हणजे तिनं ऐकलं नाही, असं नव्हतं?"

"नाही. तिनं ऐकलंच होतं. सर म्हणाले होते बाण दिसेल तिकडं जायचं, ती बाणाकडं गेली. बाण माझा होता."

त्यांचे हात थांबले. मी शिव्यांची वाट बघत होते. खरं सांगायचं तर त्यासाठीच मी गेले होते.

"तिचे वडील मरेस्तोवर म्हणत होते, कार्टीनं ऐकलं असतं तर," त्या म्हणाल्या. "मी तिचा फोटो भिंतीला लावू दिला नाही कधी. दोन दिवस उपाशी राहून हट्टानं गेली आणि हट्टानं मेली, असंच म्हणत आले मी. तिच्या भावाच्या पोरींना सांगत आले, आत्यासारखं करू नका." त्यांनी सूप मांडीवरून खाली ठेवलं. "इतकी वर्षं मी तिच्यावर राग धरलाय. आता एवढ्या रागाचं मी काय करू, ते सांग मला."

आणि मी काहीतरी सांगेन म्हणून त्या माझ्याकडं बघत राहिल्या.